अचूकतेचा गवगवा, अधिकाराचा विसर

पोपचा विषय मराठी गप्पांत निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं : कॅथलिकांच्या मते पोप कधी चुकतच नाही. मग कुणी ‘बाबा वाक्यं प्रमाणम्’ म्हणतं, कुणी फतव्यांची आठवण काढतं आणि विषय हसण्यावारी जातो. मराठवाड्यात तर ‘पोप’ हा शब्द चर्चइतकाच आर्य समाजाच्या वाटेनेही आला. स्वामी दयानंदांनी ‘सत्यार्थ प्रकाश’मध्ये भोळ्याभाबड्यांना नादी लावणाऱ्या आपल्याच पुरोहितांना ‘पोप’ म्हटलं आणि त्यांच्या उद्योगांना ‘पोपलीला’. निजामाविरुद्धच्या 1938-39च्या सत्याग्रहात आर्य समाज आघाडीवर होता. त्यामुळे इथल्या जुन्या पिढीच्या कानावर हा शब्द पडला तो शिवी म्हणूनही.

शिवीला व्याख्या लागत नाही. पण ज्या अचूकतेच्या सिद्धान्तावरून ही चेष्टा चालते, त्याला व्याख्या आहे आणि ती भलतीच चिंचोळी आहे. 18 जुलै 1870 रोजी रोममध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ती मंजूर केली. पोप सर्व ख्रिस्ती जनांचा मेंढपाळ आणि गुरू या नात्याने बोलत असला पाहिजे. विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असला पाहिजे. आणि ही गोष्ट साऱ्या चर्चने कायमची मानावी, असा त्याचा स्पष्ट निर्णय असला पाहिजे. हे सगळं जुळलं तरच तो ‘एक्स कथीड्रा’, म्हणजे गादीवरून बोलला, असं धरलं जातं आणि तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं चुकीपासून मुक्त मानलं जातं. विमानात पत्रकारांशी मारलेल्या गप्पा, रविवारचं प्रवचन, हवामानबदलावरचं परिपत्रक, व्हॅटिकनच्या बँकेचा कारभार यांपैकी काहीही या कुंपणाच्या आत येत नाही.

1870 नंतर एखाद्या पोपने हे अस्त्र उघडपणे वापरलं ते एकदाच. 1 नोव्हेंबर 1950 रोजी बाराव्या पायस यांनी मरियेचं सदेह स्वर्गारोहण हा श्रद्धेचा भाग असल्याचं जाहीर केलं. त्याआधीची 8 डिसेंबर 1854ची नवव्या पायस यांची मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेबद्दलची घोषणा मागाहून त्याच रांगेत बसवली जाते. चर्चच्या 1983च्या कायद्याने तर आणखी एक पाचर मारून ठेवली आहे. एखादी शिकवण अचूक म्हणून जाहीर झाली आहे हे निर्विवाद दिसत नसेल, तर ती तशी धरायचीच नाही, असं कलम 749 सांगतं. संशयाचा फायदा अचूकतेच्या विरोधात जातो.

म्हणजे ज्या हक्काची सगळ्यात जास्त थट्टा होते, तो हक्क पोप जवळजवळ वापरतच नाही. मग वापरतो तो कोणता? त्याचं उत्तर त्याच 1870च्या ठरावात, पण एक प्रकरण आधी आहे.

‘पास्तोर एतेर्नुस’ नावाच्या या ठरावात चार प्रकरणं आहेत. अचूकता चौथ्यात येते. तिसऱ्या प्रकरणात म्हटलं आहे की, जगातल्या प्रत्येक धर्मप्रांतावर, प्रत्येक धर्मगुरूवर आणि प्रत्येक भाविकावर पोपचा अधिकार थेट चालतो. मध्ये कुणाची परवानगी लागत नाही. आजच्या चर्च-कायद्याच्या कलम 331मध्ये हा अधिकार सर्वोच्च, पूर्ण, थेट आणि सार्वत्रिक असल्याचं म्हटलं आहे आणि तो पोपला केव्हाही मुक्तपणे वापरता येतो. कलम 333 म्हणतं की, त्याच्या निर्णयाविरुद्ध अपील नाही. कलम 1404 त्याहून आखूड आणि त्याहून कडक : पहिल्या पीठाचा न्याय कुणी करायचा नाही.

1870च्या उन्हाळ्यात मात्र सगळी हाणामारी चौथ्या प्रकरणावर झाली. 13 जुलैच्या चाचणी मतदानात 451 जण बाजूने, 88 विरोधात आणि 62 जण दुरुस्तीच्या अटीवर बाजूने होते. अंतिम मतदानात पोपच्या तोंडावर नकार द्यायला नको म्हणून विरोधकांपैकी बरेचसे आधीच रोम सोडून गेले. 18 जुलैला विजांच्या कडकडाटात 533 विरुद्ध 2 मतांनी ठराव पास झाला. दुसऱ्या दिवशी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. 20 सप्टेंबरला इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या आणि पोपचं हजार वर्षांचं राज्य गेलं. जमीन गेली त्याच वर्षी शब्दाचं वजन वाढलं, हे इतिहासकारांना भुरळ घालणारं आहे खरं. पण या नाट्यात तिसरं प्रकरण झाकलं गेलं ते आजवर.

छत्रपती संभाजीनगरातून पाहिलं तर हे तिसरं प्रकरणच पावलोपावली दिसतं. इथल्या कॅथलिकांचा धर्मप्रांत 17 डिसेंबर 1977 रोजी अस्तित्वात आला. त्याआधी हा भाग अमरावतीच्या धर्मप्रांतात होता. अमरावती 1955मध्ये नागपुरातून वेगळी झाली आणि नागपूरचा धर्मप्रांत 1887चा. वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मिशनरी गुरियन जाकिए येऊन राहिले आणि मराठवाड्यातल्या मिशनचं ते मूळ ठाणं झालं. तेव्हा गाव निजामाच्या राज्यात होतं, पण मिशनचा पत्ता नागपूरचा, म्हणजे इंग्रजी मुलखातला. हैदराबादचा नकाशा वेगळा, रोमचा वेगळा. पुढे निजाम गेला, भाषावार राज्यं झाली, महाराष्ट्र झाला, आणि रोमने आपल्या सवडीने अमरावतीचा तुकडा पाडून मराठवाड्याला स्वतंत्र बिशप दिला. डॉमिनिक अब्रेओ हे पहिले बिशप. रेघ कुठे ओढायची, गादी कुठल्या शहरात ठेवायची आणि तिच्यावर कोणाला बसवायचं, हे तिन्ही निर्णय पोपच्या सहीने झाले. अचूकतेचा त्यात कणभरही संबंध नव्हता.

नावाचंच घ्या. शहराच्या नामांतराला केंद्राची मंजुरी 2023च्या फेब्रुवारीत मिळाली. पाट्या बदलल्या, रेल्वे स्थानकाचं नाव बदललं, सरकारी शिक्के बदलले. धर्मप्रांताचं नाव मात्र औरंगाबादच आहे. यात कुठला राजकीय बाणा शोधायचं कारण नाही; पुण्याचा धर्मप्रांत रोमच्या दफ्तरात अजून ‘पूना’ आहे आणि मुंबईचा ‘बॉम्बे’, मुंबईचं नामांतर होऊन तीन दशकं उलटत आली तरी. धर्मप्रांताचं नाव बदलणं हे बिशपच्या हातात नाही, महाराष्ट्र शासनाच्या तर नाहीच नाही. तो कागद रोमहून यावा लागतो, आणि रोमला घाई नसते.

मराठी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बसलेल्या माणसाला हा अधिकार ऐकूही येतो. भाकर आणि द्राक्षारसावरच्या मुख्य प्रार्थनेत धर्मगुरू परमगुरुस्वामी पोपचं नाव घेतो आणि लगेच त्यापाठोपाठ स्थानिक महागुरुस्वामींचं, म्हणजे बिशपचं. ही दोन नावं म्हणजे त्या वेदीची सनद. पोप वारला की नवा निवडला जाईपर्यंत पहिलं नाव गाळायचं असतं. त्यामुळे 2025च्या 21 एप्रिल ते 8 मेपर्यंत इथल्या छावणीपासून घोगरगावापर्यंत प्रत्येक मिस्सात त्या जागी नावच नव्हतं. धर्मगुरू थेट बिशपच्या नावावर यायचा. ज्यांना ही प्रार्थना पाठ आहे, त्यांना तो खड्डा जाणवल्याशिवाय राहत नाही. तिथे नाव असतं ते कारभारी म्हणून. न चुकणारा म्हणून नव्हे.

या जिल्ह्याला हा फरक परका वाटायचं कारण नाही. पैठण इथून तासाभराच्या वाटेवर. आळंदीच्या चार भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे यावं लागलं, ही कथा मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक आहे. पैठणचे पंडित कधी चुकत नाहीत, असं त्या कथेत कुणीच म्हणत नाही; उलट कथेचा सगळा रोख ते चुकत होते असाच आहे. तरीही कागद त्यांचाच लागत होता.

पोपच्या बाबतीत असा कागद नेमका कोणी द्यायचा, यावरून आपल्याकडे दोनशेहून अधिक वर्षं भांडण चाललं आणि ते कधी कधी हातघाईवर आलं. मराठीत ते फारसं सांगितलं जात नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोपांनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चचा पालक नेमलं. चर्च बांधायची, खर्च द्यायचा आणि बदल्यात बिशपांची नावं राजाने सुचवायची. या व्यवस्थेला ‘पाद्रुआदो’ म्हणत. पुढे पोर्तुगालची ताकद ओसरली, पैसा आटला, पण हक्क सुटेना. 1622मध्ये रोमने ‘प्रोपागांडा फिदे’ नावाचं स्वतःचं मिशन-खातं काढलं आणि राजाला वळसा घालून थेट माणसं पाठवायला सुरुवात केली.

या खात्याचा आपल्याकडचा पहिला बिशप गोव्यातल्या दिवाडीचा एक ब्राह्मण ख्रिस्ती होता. मातेउश द कास्त्रो त्याचं नाव. गोव्यात त्याला धर्मगुरू होऊ देईनात, म्हणून तो थेट रोम गाठून धर्मगुरू झाला आणि 1637मध्ये बिशप. त्याला नेमलं विजापूरच्या आदिलशाही मुलखावर. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याची कागदपत्रं मानायला नकार दिला. तेव्हा हा पोपचा प्रतिनिधी पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाहीतल्या डिचोलीला जाऊन बसला. तिथून त्याने गोव्याच्या आर्चबिशपशी उभा दावा मांडला आणि आदिलशहाला गोव्यावर चालून येण्याची फूस दिल्याचा आरोपही ओढवून घेतला. पोपचा पूर्ण, थेट आणि सार्वत्रिक अधिकार खिशात घेऊन फिरणाऱ्या बिशपला मांडवीपलीकडे कुणी विचारत नव्हतं. अधिकार कागदावर कितीही सार्वत्रिक असला, तरी त्याला जकात नाका लागतोच.

मुंबईत तर हा नाका इंग्रजांनी चालवला. 1720मध्ये कंपनी सरकारने गोव्याच्या आर्चबिशपने नेमलेल्या पाद्र्यांना बेटाबाहेर काढलं आणि चर्चेस रोमने पाठवलेल्या कार्मेलाइट साधूंच्या हवाली केली. 1789मध्ये ती पुन्हा गोव्याकडे गेली, 1791मध्ये परत कार्मेलाइटांकडे आली आणि 1794मध्ये वैतागून सरकारने चर्चेसची चक्क वाटणी केली : काही गोव्याची, काही रोमची. एकाच गल्लीतल्या दोन कॅथलिक घरांचे दोन वेगवेगळे बिशप. आणि हे ठरवणारं सरकार प्रोटेस्टंट! 1838मध्ये सोळाव्या ग्रेगरी यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातला पाद्रुआदो मोडीत काढणारा हुकूम काढला. गोव्याच्या पाद्र्यांनी तो मानला नाही. राजाच्या संमतीवाचून असा हुकूम लागूच होत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पोपच्या नावाने रोज मिस्सा म्हणणारे धर्मगुरू पोपचाच कागद बेकायदा ठरवत होते.

1853 साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये हे प्रकरण शिगेला पोचलं. तिथली वस्ती गोव्याच्या बाजूची. रोमचे प्रतिनिधी बिशप अनास्तासियुस हार्टमान हे स्विस कापुचिन साधू. प्राण गेला तरी बेहत्तर, पण चर्च सोडणार नाही, असं म्हणून ते आत ठाण मांडून बसले. बाहेरच्यांनी वेढा घातला, दारं अडवली, रसद तोडली. पंधरा दिवस हा तमाशा चालला. शेवटी सरकारी अंमलदारांनी दार उघडवलं आणि चर्च गोव्याच्या पक्षाच्या ताब्यात दिलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नवव्या पायस यांनी बंडखोर पाद्र्यांची नावं घेऊन खरमरीत पत्र काढलं. हेच ते नववे पायस, ज्यांनी पुढे 1862मध्ये वसईच्या गोन्सालो गार्सियाला संत घोषित केलं आणि 1870मध्ये अचूकतेचा ठराव करून घेतला. माहीमच्या वेढ्यात हार्टमानच्या बाजूने जे काही होतं ते तिसऱ्या प्रकरणातलं होतं. आणि ते पुरलं नाही.

भांडण मिटलं तेही तुकड्यातुकड्यांनी. 1886मध्ये तेराव्या लिओ यांनी पोर्तुगालशी करार केला आणि गोव्याच्या आर्चबिशपला पूर्वेचा पॅट्रिआर्क ही भारदस्त पदवी मिळाली. मुंबईतला दुहेरी कारभार 1928मध्ये संपला, तोही एका अजब तोडग्याने : मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, पुढच्या खेपेला इंग्रज, असं आळीपाळीने. पहिल्या पाळीला जोआकिम लिमा आले. दुसऱ्या पाळीला 1937मध्ये लिव्हरपूलच्या एका चर्चचे प्रमुख असलेले जेझुइट थॉमस रॉबर्ट्स.

या रॉबर्ट्सबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण पोपच्या अधिकाराचा इतका शहाणा वापर मुंबईने क्वचितच पाहिला. आपल्यानंतर पुन्हा पोर्तुगीज माणूस येणार आणि भारतीयाला संधी मिळणारच नाही, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशस यांना साहाय्यक बिशप करून घेतलं आणि 1946मध्ये स्वतः मुंबई सोडून निघून गेले. राजीनामा मंजूर झाला तो 1950मध्ये. मधली चार वर्षं कारभार ग्रेशस यांनी पाहिला. 18 जुलै 1950 रोजी पोर्तुगालने स्वतंत्र भारतातल्या बिशपांची नावं सुचवण्याचा हक्क सोडला आणि वर्षअखेरीस ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. 1953मध्ये ते देशातले पहिले कार्डिनल. रॉबर्ट्स यांनी नंतर चर्चमधल्या अधिकाराचा वापर आणि गैरवापर यावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं आणि 1964मध्ये संततिनियमनावरच्या बंदीबद्दल जाहीर शंका घेतली. त्यांना कुणी बहिष्कृत केलं नाही. ते अखेरपर्यंत कॅथलिक आर्चबिशपच राहिले.

संततिनियमनाच्या प्रश्नात तर तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणांची गल्लत हमखास होते. 25 जुलै 1968च्या ‘ह्युमाने व्हिते’ या परिपत्रकात सहाव्या पॉल यांनी कृत्रिम साधनांवरची बंदी कायम ठेवली. त्यांनीच विस्तारलेल्या आयोगाचं बहुमत उलट होतं. परिपत्रक जाहीर करतानाच व्हॅटिकनच्या प्रवक्त्याने ते अचूकतेच्या कक्षेतलं नसल्याचं सांगितलं. कॅनडाच्या बिशपांनी तर त्याच वर्षी सदसद्विवेकाला वाट मोकळी ठेवणारं निवेदन काढलं. तेव्हा भारतात सरकारचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर येत होता आणि कॅथलिक रुग्णालयांना रोजच्या कामात काय करायचं, हे या परिपत्रकाने ठरवलं. अचूक नव्हतं, पण लागू होतं. कामाला हेच दुसरं विशेषण येतं.

लागू असलेलं मागेही घेता येतं. 1773मध्ये चौदाव्या क्लेमेंट यांनी जेझुइट संघ जगभर बरखास्त केला. 1814मध्ये सातव्या पायस यांनी तो पुन्हा उभा केला. दोघांपैकी कुणी चुकलं का, हा प्रश्न अचूकतेच्या सिद्धान्ताला विचारताच येत नाही. गोव्याच्या जोसेफ वाझ यांना 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोत संत घोषित करताना पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट सरळ माफ केली. नियम त्यांचाच, सूटही त्यांचीच.

चर्चच्या बाजूनेही या गोंधळाचा फायदा घेतला जातो, हे नमूद केलं पाहिजे. ‘पोपला चूक न करणारा देव मानता का?’ असं कुणी विचारलं की तयार उत्तर असतं : दीडशे वर्षांत एकदाच वापरलंय हो ते. उत्तर खरं आहे. आणि सोयीचंही, कारण पुढचा प्रश्न येतच नाही. शिवाय कुंपण जिथे आहे म्हणतात तिथेच ते राहतं असंही नाही. 1994मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी स्त्रियांना धर्मगुरू करता येणार नाही असं पत्र काढलं, ते गादीवरून केलेली घोषणा म्हणून नव्हे. पुढच्याच वर्षी व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक खात्याने खुलासा केला की, ही शिकवण मुळातच अचूक परंपरेचा भाग आहे. पोपने अस्त्र काढलं नाही, पण खात्याने ते भात्यातच असल्याचं सांगितलं. धर्मशास्त्राचे अभ्यासक त्यावर आजही वाद घालतात, आणि घालायलाच हवा.

सामान्य माणसाच्या घरात हा अधिकार शिरतो तो लग्नाच्या दारातून. चर्च घटस्फोट मानत नाही; लग्न मुळातच वैध नव्हतं, असा निर्वाळा मात्र चर्चचं न्यायासन देऊ शकतं. पूर्वी त्यासाठी दोन न्यायासनांचे एकमेकांशी जुळणारे निकाल लागत. वर्षानुवर्षं फाइल पडून राहायची आणि बाई माहेरी. पोप फ्रान्सिस यांनी 2015मध्ये स्वतःहून एक हुकूम काढला आणि 8 डिसेंबरपासून एकच निकाल पुरेसा ठरला. बाब उघड असेल आणि दोघांची संमती असेल, तर बिशपनेच लवकर निकाल द्यावा, आणि शक्यतो फी घेऊ नये. रोमच्या एका सहीने मराठवाड्यातल्या अडकलेल्या जोडप्याची वाट बदलली.

पण तिथेही सीमा आहेच. चर्चने दिलेला निर्वाळा म्हणजे घटस्फोट नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996मध्ये मॉली जोसेफ खटल्यात सांगितलं आणि चर्चच्या निकालांना कायद्याचा दर्जा द्यावा, ही क्लेरेन्स पैस यांची याचिका 2017मध्ये फेटाळली. वैजापूरच्या कॅथलिक जोडप्याला पुन्हा लग्न करायचं तर बिशपहाऊसचा कागद हवा आणि 1869च्या घटस्फोट कायद्याखाली दिवाणी न्यायालयाचाही. बिशपहाऊसचा कागद घेऊन दुसरा न घेताच लग्न करणारा देवापुढे मोकळा आणि कायद्यापुढे गुन्हेगार. दोन न्यायासनांमधली ही दरी लोकांना आधीच समजावून सांगण्याचं काम धर्मग्रामांनी, म्हणजे स्थानिक पॅरिशांनी, जोमाने करायला हवं.

आणि मग बिशपची निवड. कलम 377 म्हणतं की, पोप बिशपांना मुक्तपणे नेमतो. प्रत्यक्षात दिल्लीच्या चाणक्यपुरीतला त्याचा राजदूत गुप्तपणे चौकशी करतो, तीन नावं रोमला पाठवतो आणि भारतातल्या लॅटिन धर्मप्रांतांची ही फाइल आजही त्याच 1622च्या प्रोपागांडा खात्याच्या वारसाकडे जाते. 2022पासून त्या खात्याचा प्रमुख खुद्द पोप आहे. शहाण्यासुरत्या सर्वसामान्य भाविकांचं मतही घ्यावं, अशी मुभा कायद्यात आहे. मात्र एकेकट्याला गाठून, गुप्तपणे, आणि वाटलं तरच. ज्या गावांतून मिस्साला माणसं येतात, त्या गावांना बिशप कळतो तो नाव जाहीर झाल्यावर.

रोमला वाटाघाटी जमत नाहीत, असं म्हणायला मात्र जागा नाही. पोर्तुगालच्या राजाला बिशप सुचवायचा हक्क रोमने शतकानुशतकं दिला. मुंबईच्या गादीची इंग्रज-पोर्तुगीज पाळी लावून दिली. 22 सप्टेंबर 2018 रोजी चीनच्या कम्युनिस्ट सरकारशी बिशपनेमणुकीचा करार केला, त्याचा मजकूर आजवर जाहीर केलेला नाही, आणि 2024मध्ये तो आणखी चार वर्षांसाठी वाढवला. राजाला विचारता येतं, व्हाइसरॉयच्या राज्याशी जुळवून घेता येतं, बीजिंगशी बोलता येतं. मग घोगरगावच्या सिस्टरला, जालन्याच्या शिक्षकाला, लातूरच्या धर्मग्राम परिषदेला उघडपणे का विचारता येऊ नये?

हा प्रश्न चर्चबाहेरच्या टीकाकाराचा नाही. 26 ऑक्टोबर 2024 रोजी रोममध्ये सिनॉदने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, मंजूर केलेल्या अंतिम दस्तऐवजात, बिशप निवडताना देवाच्या प्रजेचा आवाज अधिक ऐकला जावा, अशी इच्छा नोंदवली आहे आणि पोप फ्रान्सिस यांनी तो दस्तऐवज लगेच मंजूर केला. त्याची अंमलबजावणी फ्रान्सिस यांच्यानंतरचे पोप लिओ चौदावे यांच्या टेबलावर आहे. त्यासाठी गादीवरून बोलायची गरज नाही. कलम 331 पुरेसं आहे. मराठवाड्याच्या धर्मप्रांतात पुढची नेमणूक निघेल, तेव्हा राजदूताची प्रश्नावली चार निवडक दारांऐवजी प्रत्येक धर्मग्रामाच्या सभेत मराठीत वाचली जावी, एवढा एक साधा हुकूम त्यासाठी लागेल.